भिंतीकडे पाठ

धाकट्या हाऱ्यात आपला जन्म नेमका कधी झाला हे कुणाला जाणून घ्यायचं असलं, तर तो आईला विचारत नसे. सरळ खमीसा सुईणीच्या दारात जाई. खमीसा उंबऱ्यावर बसलेली असे, मांडीवर तपकिरीची डबी. ती एक चिमूट नाकात सारी, डोळे मिटी आणि सांगायला लागे.

"तू होय? जवाची कापणी चालली होती. दिवसाचा तिसरा तास सरत आला होता. तुझी आजी भट्टीतून भाकऱ्या काढत होती, घरभर वास, आणि तू काही केल्या बाहेर येईनास. अजून तसाच आहेस. दुकान उघडतोस ते चौथ्या तासाला."

धाकटा हारा आणि थोरला हारा या जेर्बा बेटावरच्या दोन यहुदी वस्त्या. तिथे घड्याळं अगदीच नव्हती असं नाही. हूमत सूकच्या बंदरापाशी फ्रेंच साहेबांच्या पोस्टात एक मोठं घड्याळ टांगलेलं होतं. खमीसाने ते दोनदा पाहिलं होतं आणि दोन्ही वेळा तिला ते पटलं नव्हतं.

"त्याचे तास बघावेत तर सगळे एका मापाचे, पलटणीतल्या पावांसारखे," ती म्हणे. "हिवाळ्यात दिवस अंग चोरून बसतो. मग त्याचे बारा भाग लहान नकोत व्हायला? उन्हाळ्यात तोच दिवस हातपाय पसरतो. पोस्टातल्या घड्याळाला हे कुणी सांगितलेलंच दिसत नाही."

तिचा हिशेब साधा होता. सूर्य निघाल्यापासून बुडेपर्यंत बारा तास, मग दिवस केवढाही असो. रात्रीचे पहारे तीन. पहिल्यात गाढवं ओरडतात, दुसऱ्यात कुत्री भुंकतात, तिसऱ्यात तान्ही मुलं दुधाला उठतात आणि बायका नवऱ्यांशी बोलतात, असं जुनी माणसं सांगत आली होती.

"म्हणजे आधी जनावरं बोलतात, मग बायका," शेजारचा सासी सोनार एकदा म्हणाला होता. "नवऱ्यांची पाळी कधी येते म्हणे?"

"सूर्य निघाल्यावर. सिनेगॉगमध्ये. तिथे तुम्हाला अडवायला कुणी नसतं," खमीसा म्हणाली.

ती तेराव्या वर्षी थोरल्या हाऱ्यातून लग्न होऊन इथे आली आणि तिसाव्या वर्षी विधवा झाली. सासू सुईण होती. तिने सुनेच्या हाती कात्री देण्याआधी तिला एक भिंत दाखवली. "मूल तर बाई स्वतःच जन्माला घालते," सासू म्हणाली. "आपलं काम दोनच. हात स्वच्छ ठेवायचे आणि वेळ सांगायची."

वेळेवाचून तिथे पुढचं काही हलत नसे. मुलाची सुंता जन्माचा दिवस धरून आठव्या दिवशी, आणि दिवस मोजायचा संध्याकाळपासून. मंगळवारचा सूर्य बुडाला की बुधवार लागला. पण सूर्य बुडाल्यापासून तीन तारे दिसेपर्यंतची जी तिन्हीसांज, ती धड या दिवसाचीही नाही आणि त्या दिवसाचीही नाही. त्या फटीत मुलगा जन्मला की धर्माची माणसं कपाळाला हात लावून बसत.

म्हणून खमीसा बाळंतिणीच्या खोलीत शिरली की आधी तिची गादी फिरवून घेई. दार उघडं ठेवी, दारातून अंगणाची पूर्वेची भिंत दिसली पाहिजे अशी स्वतः बसे. जेर्बात प्रत्येक घराला चुना मारलेला. मावळतीचं ऊन त्याच भिंतीवर पडायचं. चुना पिवळा दिसतोय तोवर दिवस. चुना राखाडी झाला की तिन्हीसांज. भिंतीच्या वर तीन तारे आले की रात्र. हात बाळाकडे आणि एक डोळा चुन्याकडे, अशी तिने चाळीस वर्षं काढली होती. गावचे धर्मगुरू रिबी खल्फून बाळाच्या बापाला काही विचारत नसत. खमीसाकडे येऊन एवढंच विचारत, "चुना कुठल्या रंगाचा होता?" ती रंग सांगे. ते दिवस सांगत. चाळीस वर्षांत एकाही मुलाचा दिवस अडला नव्हता. हाऱ्यात तिला उम्मी, म्हणजे आई, म्हणत.

आता सासीबद्दल. सासी सोनार चांदीचे पैंजण घडवायचा, आणि त्याच्या घराची नि खमीसाच्या घराची भिंत एकच होती. त्याची बायको बरीच वर्षं झाली गेली होती. घर त्याची विधवा बहीण ताइता सांभाळायची. एकुलता मुलगा फ्राजी, त्याची बायको मनाना, आणि त्यांच्या ओळीने चार मुली. सासीला वयाच्या सत्तरीत दोन गोष्टी हव्या होत्या. एक म्हणजे वल्हांडणाचा सण यरुशलेमला करायचा आणि मग तिथेच राहायचं, परत यायचं नाही. दुसरी म्हणजे जाण्याआधी आपल्या नावाचा नातू मांडीवर घ्यायचा. सुंतेच्या वेळी मूल आजोबांच्या मांडीवर असतं, आणि त्या मांडीचा मान सासीने आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरी बघितला होता.

जहाजाचं तिकीट काढून झालं होतं. पेटी भरून दारापाशी ठेवली होती. मनानाचे दिवस भरत आले होते. सासी रोज भिंतीपलीकडून विचारी, "खमीसा, काय म्हणतंय?"

"तुझ्या जहाजाची काही कल्पना नाही म्हणतंय," खमीसा उत्तर देई.

पुरीमचा सण होऊन आठवडा झाला होता. शुक्रवारी दिवसाच्या दहाव्या तासाला मनानाला कळा सुरू झाल्या. शब्बाथ, शनिवारचा विसाव्याचा दिवस, जवळ येत होता. शुक्रवारी सिनेगॉगच्या गच्चीवरून मेंढ्याचं शिंग तीनदा वाजे. पहिल्याला हातातली हत्यारं खाली, दुसऱ्याला दुकानं बंद, तिसऱ्याला घरोघरी दिवे. पहिलं शिंग वाजलं तेव्हा खमीसा गादी फिरवत होती. दुसरं वाजलं तेव्हा चुना मधासारखा पिवळा होता. तिसरं वाजलं, ताइताने पलीकडच्या खोलीत दिवा लावला, आणि बाळाचं डोकं दिसायला लागलं.

"आला ग माझा राजा!" ताइता दारातून ओरडली.

"तेल गरम करून आण आणि तोंड बंद ठेव," खमीसा म्हणाली. ताइता चुलीकडे पळाली.

तेवढ्यात खमीसाच्या बोटांना नाळ लागली. गळ्याभोवती दोन वेढे. चाळीस वर्षांत असं तीनदा झालं होतं, आणि त्यातलं एक मूल दगावलं होतं. ती गुडघ्यांवर वळली. मनानाच्या अंगाखालून हात घालता यावा म्हणून वळली, आणि वळताना तिची पाठ दाराकडे झाली. एक वेढा निघाला. दुसरा निघेना. तिने नाळ तिथेच बांधून कापली, मूल ओढून घेतलं. मुलगा होता. निळा पडलेला. रडत नव्हता.

तिने त्याच्या तोंडात बोट घालून घाण काढली. पाठ चोळली. त्याच्या नाकातोंडावर तोंड ठेवून बारीक फुंकर घातली, पुन्हा घातली, पुन्हा. मनाना विचारत होती, "उम्मी, काय आहे? उम्मी, आवाज का नाही?" खमीसाला ते ऐकू येत होतं, पण उत्तर द्यायला तोंड मोकळं नव्हतं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग त्या इवल्या छातीने एक उचकी दिली आणि मूल रडायला लागलं. इतकं रडलं की ताइताच्या हातून तेलाची वाटी पडली.

खमीसाने त्याला मनानाच्या छातीवर ठेवलं, कपाळाचा घाम पुसला आणि सवयीने दाराकडे वळून पाहिलं.

भिंतीच्या वर तारे होते. तीन नाही, सात-आठ.

दुसऱ्या दिवशी, शब्बाथची दुपारची झोप झाल्यावर, रिबी खल्फून सासीच्या अंगणात आले. सासीने नवा सदरा घातला होता. ताइताने सगळ्यांपुढे भाजलेले बदाम ठेवले. रिबी खाली बसले, दाढीवरून हात फिरवला आणि हसत म्हणाले, "हं, उम्मी खमीसा. चुना कुठल्या रंगाचा होता?"

"मी पाहिलं नाही," खमीसा म्हणाली.

सासीच्या तोंडात बदाम होता, तो चावायचा थांबला.

"पाहिलं नाही म्हणजे?"

"माझी पाठ होती. मूल श्वास घेत नव्हतं. तिसऱ्या शिंगानंतर जन्मला आणि ताऱ्यांच्या आधी. मधलं मला सांगता येत नाही."

"मी सांगते ना!" ताइता म्हणाली. "चांगला उजेड होता."

"तू चुलीपाशी होतीस."

"चुलीपाशीही उजेड होता!"

"चुलीपाशी चूल होती," खमीसा म्हणाली.

रिबींनी डोळे मिटले. मग एकेक बोट मोडत बोलले. "येत्या शुक्रवारी सुंता करता येत नाही, कारण कदाचित तो सातवाच दिवस असेल. शनिवारी करता येत नाही, कारण कदाचित नववा असेल, आणि शंका असताना शब्बाथच्या दिवशी सुरी उचलता येत नाही. उरला त्याच्या पुढचा रविवार."

"रविवारी सकाळी आठला माझ्या जहाजापर्यंत नेणारी शेवटची होडी सुटते," सासी म्हणाला. आवाज अगदी बारीक झाला होता. "रिबी, रविवार तर शनिवारी संध्याकाळीच लागतो ना? तारे दिसले की लगेच करून टाकू."

"सुंता रात्री होत नाही, सासी. तुला काय हे आज कळतंय?"

सासी खमीसाकडे वळला. "खमीसा, शुक्रवार म्हण. शुक्रवार म्हटलंस तर शुक्रवारी सुंता, मी रविवारी जहाजावर."

"नाहीतर शनिवार म्हण!" ताइताने जोड दिली. "शनिवारचा ठरला तर शनिवारीही होते. हो ना रिबी?"

"खरोखरच शनिवारचा असेल तर होते," रिबी म्हणाले.

"ऐकलंस? दोन्ही चालतात मला," सासी म्हणाला. "दोन्हींतलं तुला आवडेल ते म्हण ग बाई. दिवस म्हण, रात्र म्हण. फक्त माहीत नाही म्हणू नकोस."

खमीसाने तपकिरीची डबी उघडली आणि तशीच मिटली. शब्बाथच्या शांततेत आतून बाळाचा आवाज येत होता. "सासी, तुझ्या फ्राजीला मी या हातांनी घेतलं. तुझ्या चारही नातींना घेतलं. तुला मी कधी खोटा दिवस दिला नाही. आता देऊ?"

सासी उठला आणि आत गेला. त्यानंतर भिंतीपलीकडून एक शब्द आला नाही.

पुढचे चार दिवस खमीसाला फार जड गेले. ताइता रोज कशात ना कशात बदामाची वडी गुंडाळून आणी आणि म्हणे, "आठव ग. नीट आठव. कोंबड्या खुराड्यात गेल्या होत्या का?" विहिरीवर बायका कुजबुजत, म्हातारीचं लक्ष राहिलं नाही आता. वस्तीतल्या हनीनाला आठवा महिना लागला होता. तिच्या सासूने मुद्दाम ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की आम्ही थोरल्या हाऱ्यातल्या सुईणीला विचारून ठेवलंय बाई.

खमीसा दार लावून बसे आणि खरंच आठवून बघे. ती वळली, गुडघा टेकला, आणि वळता वळता डोळ्याच्या कोपऱ्यात... काय होतं? पिवळं काहीतरी होतं का? पहिल्या दिवशी तिथे काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी काहीतरी फिकट होतं. तिसऱ्या दिवशी चुना चांगलाच पिवळा झाला. चौथ्या दिवशी तर त्यावर ऊनही पडायला लागलं. जितकं आठवावं तितका तो पिवळा होत होता, आणि याचीच तिला भीती वाटली. अजून दोन दिवस गेले असते तर तिने रिबींना शपथेवर शुक्रवार सांगितला असता, आणि तिला स्वतःला तो खरा वाटला असता.

ती उठली, डोक्यावरून फडकं घेतलं आणि रिबींच्या घरी गेली. रिबी ऑलिव्हच्या झाडाखाली बसून मुलांना धडा देत होते.

"रिबी, रात्री होत नाही हे मान्य. पण दिवस लागला की लगेच होते का?"

"सूर्याची कड दिसली की होते."

"मग रविवारी कड दिसली की करा."

"अग, पण प्रार्थना असते, एलिया संदेष्ट्याच्या मानाची खुर्ची आणायची असते, पाहुणे, जेवण. चौथ्या तासाच्या आधी कधी झाली आहे का आपल्याकडे सुंता?"

"प्रार्थना अंधारात सुरू करा. खुर्ची शनिवारी तारे दिसल्यावर आणून ठेवता येईल. पाहुण्यांना भूक मागाहूनही लागेल. धाकट्या हाऱ्यातून बंदरापर्यंत खेचराच्या गाडीला दीड तास. सध्याच्या दिवसांत पोस्टाचे तास आणि माझे तास सारख्याच लांबीचे आहेत, वर्षातून दोनदा त्यांचा तह होतो. सूर्य त्यांच्या सहाच्या सुमाराला निघतो. मी सगळं मोजून आले आहे."

रिबी तिच्याकडे बघत राहिले. "आणि कड दिसली हे सांगणार कोण? इथे खजुरांच्या आडून सूर्य वर यायलाच अर्धा तास लागतो."

"मी सांगते. सिनेगॉगच्या गच्चीवरून."

"तू?"

"त्या वेळी मला दुसरं काम नसेल, रिबी."

रविवारी उजाडायच्या आधीच अख्खा हारा जागा झाला होता, आणि अख्खा हारा कुरकुरत होता. सुंता करणारे मास्तर जांभया देत सुरी पुसत होते. ताइता ज्याला त्याला सांगत होती की जेवण मागाहून आहे, कुणी उपाशी जाणार नाही, पण तोंड वाकडं करून आलात तर बदाम मिळणार नाहीत. सिनेगॉगच्या दारात खेचराची गाडी उभी होती, तिच्यावर सासीची पेटी बांधलेली.

गच्चीवर जायला लाकडी शिडी होती. खमीसाने पहिल्या पायरीवर पाय ठेवला तेव्हा शिडी हलली. मग हलायची थांबली. तिने खाली पाहिलं. सासीने दोन्ही हातांनी शिडी धरली होती.

"पडशील," तो म्हणाला. आठवड्याभरात तो तिच्याशी पहिल्यांदाच बोलला.

"पडले तर दिवस कोण सांगेल तुला?"

"म्हणून तर धरलीय. नाहीतर सोडली असती."

वर वारा होता. पूर्वेकडे खजुरांची काळी रांग, त्यांच्यापलीकडे समुद्राची पांढरी रेघ. आधी आभाळ राखाडी झालं, मग फिकट, मग त्या रेघेवर लालसर. खाली कुणीतरी ओरडलं, "उजाडलं की ग!" खमीसा हलली नाही. उजाडणं वेगळं आणि सूर्य वेगळा, एवढं तिला कळत होतं. डोळ्यांत पाणी आलं ते तिने वाऱ्यावर ढकललं, पुसलंही नाही, कारण पुसताना क्षणभर डोळे झाकले असते.

समुद्राच्या रेघेवर नखाएवढी कड आली.

"निघाला!" ती ओरडली. तिला स्वतःला आपला आवाज इतका मोठा आहे हे ठाऊक नव्हतं. "सासी, निघाला!"

ती शिडी उतरून खाली येईपर्यंत मूल आजोबांच्या मांडीवर होतं. पुढचं सगळं लवकर झालं. मास्तर जागे झाले होते. ज्या मुलाने जन्मताना गावाला ताटकळत ठेवलं, ते आता एवढ्या जोरात रडलं की गाडीचं खेचर दचकलं. त्याचं नाव सासी ठेवलं. म्हातारा सासी मूल खाली ठेवेना. फ्राजीने दोनदा सांगितलं, "बाबा, गाडी," तेव्हा कुठे त्याने ते मनानाच्या हाती दिलं.

गाडीवर चढल्यावर तो खमीसाला म्हणाला, "ठाऊक आहे का, यरुशलेमला सूर्य इकडच्या आधी निघतो. आता रोज आधी मी बघणार. मग तू."

"म्हणजे मला रोज तुझा वापरलेला मिळणार."

"जपून वापरीन," सासी म्हणाला. मग थोडं थांबून, "त्या दिवशी मी तुला फार छळलं."

"जा आता. तुझ्या होडीचे तास पोस्टाचे आहेत, ते कुणासाठी लांबत नाहीत."

फ्राजी दुपारी परत आला तेव्हा पाहुणे जेवून उठत होते. वाऱ्यामुळे जहाजच उशिरा आलं, असं त्याने सांगितलं. होड्या बारानंतर सुटल्या. तोवर बाबा पेटीवर बसून समोरच्या पोस्टाचं घड्याळ बघत होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला नातवाचं नाव सांगत होते.

"म्हणजे सगळं निवांत करता आलं असतं!" ताइताने कपाळावर हात मारून घेतला. "मी मध्यरात्रीच उठले होते ग बाई!"

खमीसा इतकी हसली की तिच्या नाकातली तपकीर उडाली.

त्यानंतर दोन महिन्यांनी, दिवसाचा अकरावा तास चालू असताना, हनीनाची सासू खमीसाच्या दारात आली. थोरल्या हाऱ्यातल्या सुईणीबद्दल तिने काही काढलं नाही आणि खमीसानेही विचारलं नाही. खमीसा निघाली, पण आधी तिने शेजारच्या अंगणात हाक मारली.

"ताइता! चल माझ्याबरोबर."

"मी? मी काय करू तिथे? तूच म्हणतेस मला तोंड बंद ठेव."

"तोंड बंदच ठेवायचं आहे. दारात बसायचं आणि भिंतीकडे बघायचं. चुना कुठल्या रंगाचा आहे तेवढं बघायचं. काहीही झालं, मूल रडलं, नाही रडलं, मी ओरडले, तरी मान वळवायची नाही."

"आणि तू?"

"मी मुलाकडे बघते," खमीसा म्हणाली, आणि हात धुवायला पाणी मागितलं.